नाव एकाचं, भाषा दुसऱ्याची: कॅरिब भाषाकुळाची गोष्ट

आज एका भाषाकुळाविषयी बोलायचं आहे. पण आधी नावाचा विचार करू या.

१४९२ साली कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर पोचला. तिथल्या लोकांकडून त्याने पलीकडच्या शत्रूंबद्दल ऐकलं, ते म्हणे माणसं खातात. ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याची भाषा येत नव्हती, हे ध्यानात ठेवा. त्या ऐकीव नावातून ‘कॅरिब’ हा शब्द आला आणि नरभक्षक या अर्थाचा ‘कॅनिबल’सुद्धा. १५०३ मध्ये राणी इसाबेलाने फर्मान काढलं: असे ‘कॅनिबल’ विरोध करत राहिले, तर त्यांना पकडून विकायला मुभा आहे. म्हणजे बघा, ज्याला गुलाम हवेत त्याला पुराव्याची गरजच उरली नाही. नाव चिकटवलं की झालं.

आता भाषेकडे येऊ. डोमिनिका बेटावरच्या या ‘कॅरिब’ लोकांची भाषा रेमों ब्रतों या फ्रेंच धर्मोपदेशकाने टिपली. त्याचा कोश १६६५ साली छापला गेला. त्यात काय दिसतं? पुरुषांच्या बोलण्यात काही कॅरिब शब्द आहेत, त्याच वस्तूंना बायकांचे शब्द वेगळे आहेत आणि व्याकरण चक्क अरावाक कुळाचं आहे! ज्यांच्यावरून समुद्राला नाव पडलं, त्यांची भाषा त्या नावाच्या कुळातली नव्हतीच.

मग खरं कॅरिब कुळ कुठलं? ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं: कलिना, माकुशी, पेमोन, वायाना. यांतल्या कितीतरी भाषांत पाण्याला ‘तुना’च म्हणतात. हे नातं ओळखलं फिलिप्पो साल्वातोरे जिली या इटालियन जेझुइटाने. ओरिनोको नदीकाठी तो सुमारे १८ वर्षं राहिला. एका भाषेत जिथे ‘सा’ येतो, तिथे तिच्या बहिणीत ‘चा’ येतो, अशी नियमित जुळणी त्याने दाखवली. त्याचा ग्रंथ १७८० ते १७८४ या काळात निघाला. विल्यम जोन्सचं संस्कृत-ग्रीक-लॅटिनच्या नात्यावरचं कलकत्त्यातलं गाजलेलं भाषण १७८६चं. जोन्सचं नाव आपण शाळेपासून ऐकतो, जिलीचं मात्र नाही.

कोलंबस आणि जिली या दोघांनीही ‘ऐकलं’च होतं. पण एकाने इतरांकडून त्या लोकांविषयी ऐकलं, दुसऱ्याने त्या लोकांचं स्वतःचं बोलणं ऐकलं. ज्ञान आणि अफवा यांत माझ्या मते एवढाच फरक आहे, पण तो माणसांच्या जिवावर बेततो.

जिलीने अभ्यासलेली तामानाको भाषा आज कुणी बोलत नाही. डोमिनिकातल्या लोकांनी मात्र २०१५ साली ‘कॅरिब’ हे नाव अधिकृतपणे बदलून घेतलं. ते स्वतःला कलिनागो म्हणतात. आपणही तेच म्हणावं.