चांदीचे पदक कोणाला, कांस्याचे कोणाला?

दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापुढे लाखो लोक मानवंदना देतात. स्तंभ दगडाचा आहे. तो कोणी उचलून नेऊ शकत नाही, म्हणून दोनशे वर्षांनंतरही त्यावरची नावे आपण वाचू शकतो. पण आपल्या पूर्वजांची नावे फक्त दगडावर नाहीत. ती धातूवरही आहेत: लष्करी पदकांच्या कडेवर. दगड जागेवर राहतो, धातू मात्र सराफाच्या मुशीत जातो किंवा परदेशातल्या लिलावात विकला जातो.

लष्करी पदके, पलटणींचे बिल्ले, कँटीनची टोकने, युद्धकाळातल्या नोटा जमवणे हा पैसेवाल्यांचा छंद आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यातले बरेच जण म्हणतील. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. ज्यांचा इतिहास कागदावर लिहिला गेला, त्यांना हा छंद परवडतो. ज्यांचा इतिहास लिहिलाच गेला नाही, त्यांना ते काम म्हणून करावे लागते.

आधी पदक म्हणजे काय ते समजून घेऊ. ब्रिटिशांच्या बहुतेक मोहीमपदकांच्या एका बाजूला राजा किंवा राणीचा मुखवटा असतो, दुसऱ्या बाजूला एखादे चित्र. या दोन बाजू हजारो पदकांवर सारख्याच असतात. वेगळी असते ती फक्त कड. त्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या कडेवर बहुतेक वेळा शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली किंवा कोरलेली असते. फितीवर धातूची एक आडवी पट्टी असते, तिला क्लास्प म्हणतात. तो माणूस कोणत्या लढाईत होता हे ती पट्टी सांगते. म्हणून आम्ही म्हणतो की पदकाचा मुखवटा पाहू नका, कड वाचा. मुखवटा राणीचा आहे, कड शिपायाची आहे.

आता एक पट्टी पाहू. १८५१ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या लढायांसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर झाले. त्याच्या पट्ट्यांमध्ये एक पट्टी कोरेगावची आहे. लढाई १८१८ ची आणि पदक तेहतीस वर्षांनी! तेही फक्त त्या वेळी हयात असलेल्यांना. जे कोरेगावात पडले आणि जे पुढच्या तीन दशकांत गेले, त्यांच्या वाट्याला काहीच आले नाही. तरीही ही पट्टी महत्त्वाची आहे. ज्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, त्या पलटणीची लढाई पदक देण्याजोगी होती, हे ब्रिटिशांनी स्वतः धातूवर लिहून दिले.

याच ब्रिटिशांनी पुढे काय केले? लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात ‘लढवय्या जाती’चा सिद्धांत लष्करात पक्का झाला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांना १८५१ साली पदक दिले, त्यांच्याच नातवंडांना चाळीस वर्षांनी लढण्यास नालायक ठरवले. भरती बंद होणे म्हणजे केवळ नोकरी जाणे नव्हते. पलटणीबरोबर शाळा होती, निवृत्तिवेतन होते, गावकीच्या बाहेर पडण्याची वाट होती. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरात अक्षर आले ते याच वाटेने. म्हणून तर स्वतः लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी भरतीसाठी अर्ज लिहिला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या अर्जांचा आधार एकच होता: आमच्या वाडवडिलांनी तुमच्याच सैन्यात केलेली सेवा. पदक हा त्या सेवेचा सर्वांत पक्का पुरावा आहे. सरकारी फाइल म्हणते की ही जात लढवय्यी नाही, आणि त्याच सरकारच्या टाकसाळीतून निघालेला धातू म्हणतो की ती लढली. दोन्ही कागदपत्रे एकाच मालकाची आहेत. कोणते खरे मानायचे?

दुसरी गोष्ट त्याहून बोचरी आहे. एकाच मोहिमेचे, एकाच ठशाचे पदक दोन धातूंत निघत असे. १८८५ नंतरच्या ब्रह्मदेश मोहिमेपासून ही प्रथा दिसते. लढणाऱ्या शिपायाला चांदीचे पदक, आणि पलटणीबरोबर जाणाऱ्या बिनलढाऊ माणसांना, ज्यांना लष्करात ‘फॉलोअर’ म्हणत, त्यांना कांस्याचे. १९०० ची चीन मोहीम, १९०३-०४ ची तिबेट मोहीम, दक्षिण आफ्रिकेचे बोअर युद्ध, सगळीकडे हाच प्रकार. डोंगर तोच, बर्फ तेच, धातू मात्र वेगळा.

इथे आपण काटेकोर राहिले पाहिजे. कांस्यपदक जात पाहून दिले जात नव्हते, कामाचा दर्जा पाहून दिले जात होते. भिस्ती, कहार, खेचरवाले, धोबी, मोची, सफाई कामगार असे अनेक जातिधर्मांचे लोक फॉलोअर होते. पण कोणाच्या हाती बंदूक द्यायची आणि कोणाच्या हाती झाडू, हे कोण ठरवत होते? भरतीचे दार जातीनुसार उघडत आणि बंद होत होते. शिपाई म्हणून दार बंद झालेल्या माणसापुढे लष्करात हलक्या कामाचीच वाट उरत होती. म्हणजे धातू दर्जाने ठरला आणि दर्जा बऱ्याच अंशी जातीने ठरला. चातुर्वर्ण्य टाकसाळीपर्यंत पोचले ते असे.

पहिल्या महायुद्धात भारतातून भरती झालेल्या सुमारे चौदा लाख लोकांपैकी साडेपाच लाखांहून अधिक बिनलढाऊ होते. हा आकडा नीट वाचा. प्रत्येक पाचातले जवळपास दोघे! त्या युद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीत सुमारे ६५ लाख लोकांना दिले गेले. कांस्यात ते फक्त १ लाख १० हजारांच्या आसपास निघाले, मुख्यतः चिनी, माल्टीज आणि भारतीय मजूर दलांतील माणसांसाठी. याच युद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी करण्यात आली आणि गरज संपताच १९२१ साली मोडण्यात आली. मोजून चार वर्षे.

या माणसांची नावे कुठे शोधायची? स्मारकांवर? इराकमधल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि अधिकाऱ्यांची नावे आहेत, साध्या भारतीय शिपायांच्या पलटणीपुढे फक्त संख्या आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच मान्य केले की आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची स्मारकांवर नावानिशी नोंद झाली नाही किंवा मुळीच झाली नाही. जो मरूनही स्मारकावर आला नाही, आणि जो जगून परत आला म्हणून स्मारकावर येण्याचा प्रश्नच नव्हता, अशा माणसाच्या सेवेची घरात उरलेली एकमेव खूण ती पदकाची कड असू शकते. ती कड वितळली की माणूस दुसऱ्यांदा मरतो.

आणि ती वितळतेच आहे. चांदीचे पदक घरात पैशाची निकड आली की मोडीत जाते. १९८० च्या सुमारास चांदीचे भाव भडकले तेव्हा खुद्द ब्रिटनमध्ये अशी पदके मोठ्या संख्येने वितळवली गेली, मग आपल्या वस्तीतल्या गरीब घराला दोष कसा द्यायचा? कांस्याला सराफाकडे किंमत नाही, म्हणून ते पदक पोरांच्या खेळण्यात गेले किंवा भंगारात. आज मात्र बाजार उलटा झाला आहे. संख्येने कमी म्हणून संग्राहक कांस्याच्या पदकाला चांदीच्यापेक्षा जास्त पैसे मोजतात. ज्या धातूने माणसाला खालचे ठरवले, तोच धातू महाग झाला. फायदा कोणाला? ज्या घरातून ते पदक भंगाराच्या भावाने गेले, त्या घराला नक्कीच नाही.

फायदा कोणाला आणि तोटा कोणाला, हा प्रश्न आम्ही मनाने आणलेला नाही. १९२३ साली ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहिणाऱ्या आणि पुढे हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देणाऱ्या बाबासाहेबांनी चलनाकडे असेच पाहायला शिकवले. रुपयाची किंमत बदलली की कोणत्या वर्गाचे काय होते, ते पाहा. युद्धकाळातल्या नोटांनाही हीच कसोटी लावा. १९४२ नंतर जपान्यांनी ब्रह्मदेशात आपल्या रुपयाच्या नोटा छापल्या. त्यांवर ‘बी’ हे अक्षर आहे, म्हणजे बर्मा. १९४५ साली ब्रिटिश परतले ते रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर ब्रह्मदेशच्या लष्करी प्रशासनाचा ठसा मारून. जपानी नोटा रद्दी झाल्या. सैन्याने त्या नोटा देऊन धान्य, बैल, मजुरी घेतली होती. नुकसान झाले ते ज्यांच्या हाती नोटा उरल्या त्या शेतकऱ्या-मजुरांचे. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन ब्रह्मदेशच्या मोहिमेत होती. तिथून परतलेल्या एखाद्या शिपायाच्या ट्रंकेत अशी नोट सापडली तर बाजारात तिला फारसा भाव येणार नाही, कारण त्या अमाप छापल्या गेल्या. पण कोणत्या शिपायाने, कोणत्या वर्षी, कुठून आणली हे घरच्यांना सांगता आले, तर तीच नोट इतिहासाचे साधन होते. वस्तूपेक्षा वस्तूची हकिकत मोठी, हे संशोधनाचे पहिले सूत्र आहे.

काही जण विचारतील की परक्या साम्राज्याच्या पदकांचा अभिमान कशाला? प्रश्न रास्त आहे. आम्ही राणीच्या मुखवट्याचा अभिमान बाळगा असे म्हणत नाही. ब्रिटिशांनी लागेल तेव्हा वापरले आणि नको तेव्हा हाकलले, हे १८९२ आणि १९२१ या दोन सालांनी सिद्ध केले आहे. पदक हा सेवेचा पुरावा आहे तसा विश्वासघाताचाही पुरावा आहे. पुरावा जपायचा असतो. बाबासाहेब १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. हा काही योगायोग नव्हता. जुना पुरावा नव्या हक्कासाठी कसा वापरायचा, हे तो बिल्ला सांगतो.

मग करायचे काय? पैसे लागत नाहीत, शिस्त लागते. गावातल्या, वस्तीतल्या जुन्या लष्करी घरांत जा. पदक मागू नका, विकत घेऊ नका, ते त्या घरातच राहू द्या. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा पूर्ण फिरवून फोटो घ्या. कडेवरची अक्षरे जशीच्या तशी उतरवा. इंग्रज कारकुनाने ‘नाक’ हा प्रत्यय कसाही लिहिला असेल, तो सुधारू नका, कारण यादीत नाव त्याच स्पेलिंगने सापडेल. चिंच, राख, पावडर लावून पदक घासू नका. एका घासण्यात शंभर वर्षांचे नाव जाते. फीत फाटकी असली तरी फेकू नका. सोबत डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, जुना फोटो असेल तर त्याचीही नोंद करा. कड कानशीने घासून दुसरे नाव टाकलेली पदके बाजारात फिरतात, आणि बिल्ल्यांच्या नकला तर सर्रास होतात. म्हणून घरातून मिळालेली हकिकत आणि धातू, दोन्ही ताडून पाहा. पदकधारकांच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तिथे चार दिवस बसावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

प्रत्येक विहारात एक नोंदवही ठेवा. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, धातू, गाव, सांगणाऱ्याचे नाते. एवढे सात रकाने पुरेत. दहा गावांच्या नोंदी एकत्र आल्या की कोणत्या गावातून शिपाई गेले आणि कोणत्या गावातून फॉलोअर, हे प्रथमच आपल्याला आपल्या हाताने मांडता येईल. प्रस्थापित इतिहासकारांनी आमचा इतिहास लिहिला नाही, ही तक्रार आपण पुष्कळ केली. ती खरीही आहे. पण घरातल्या ट्रंकेचे कुलूप तरी आपल्याच हातात आहे. ट्रंक उघडा आणि कड वाचा.

जय भीम!