मेर्सेन संख्या, ६७ वी घातांकी

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंकी विषम संख्या. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. द्विमान पद्धतीत ती सलग ६७ वेळा १ अशी लिहिली जाते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील अठरा स्थाने परार्धाशी संपतात, ही संख्या १,४७५ परार्धांहून मोठी आहे.

इतिहास : फ्रेंच धर्मगुरू व गणिती मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) यांनी १६४४ मध्ये एक यादी प्रसिद्ध केली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांपासूनच अशा रीतीने मूळ संख्या मिळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे ६७ व २५७ चुकीचे ठरले. ६१, ८९ व १०७ यादीतून सुटले होते. ६७ हा ६१ ऐवजी पडलेला मुद्रणदोष असावा, असेही एक मत आहे.

संयुक्तत्व : एदुआर ल्यूका यांनी १८७६ मध्ये ही संख्या मूळ नाही हे दाखवले, पण तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता. अंकगणिताच्या इतिहासात या निष्कर्षाचे मोल फार मोठे आहे, कारण अवयव न शोधता संयुक्तत्व सिद्ध करता येते हे त्यातून स्पष्ट झाले. फेर्माची २ या पायाची कसोटी येथे निकामी ठरते. घातांक मूळ असलेली प्रत्येक मेर्सेन संख्या, संयुक्त असली तरी, त्या कसोटीला उतरते. ल्यूकांच्या पद्धतीला डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये आजचे रूप दिले. ४ पासून सुरुवात करायची, दर पायरीला वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. ६५ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. येथे ती शून्य येत नाही.

अवयव : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. दोन्ही मूळ आहेत. दोहोंतून १ वजा केल्यास उरणाऱ्या संख्येला १३४ ने नि:शेष भाग जातो. ६७ च्या दुपटीने भाग जाणे हे अशा अवयवांचे अपरिहार्य लक्षण आहे. ८ ने भागल्यास पहिल्याची बाकी १, तर दुसऱ्याची ७ उरते.

ही फोड अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) यांनी वर्गशेषांच्या आधारे शोधली व ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत मांडली. कोल यांनी फळ्यावर एका बाजूला घात व दुसऱ्या बाजूला गुणाकार मांडला, दोन्ही उत्तरे जुळली आणि ते एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले, असा वृत्तांत ई. टी. बेल यांनी दिला आहे. तो १९५१ च्या पुस्तकातील, म्हणजे घटनेनंतर जवळपास अर्धशतकाने छापलेला असल्याने त्यातील तपशील जपूनच घ्यावेत. तीन वर्षांचे रविवार या कामी गेल्याचा उल्लेखही बेल यांचाच.

परिपूर्ण संख्यांशी संबंध : ही संख्या मूळ नसल्याने तिला २ च्या ६६ व्या घाताने गुणून परिपूर्ण संख्या मिळत नाही.

संगणन : आजचा साधा संगणक ही फोड क्षणार्धात करतो.