स्त्रीच्या तक्रारीचे मोजमाप

खोकला आला, शिंक आली, पाण्याची कळशी उचलली की लुगडे ओले व्हायचे. किंवा घाई लागली म्हणजे मोरीपर्यंत पोचेतो ताबा राहायचा नाही. हे दुखणे स्त्रियांना नवे नाही. बाळंतपणे झाली, वय झाले, आता असे चालायचेच, अशी थोरल्या बायका धाकटीची समजूत घालीत आल्या. जे चारचौघींत बोलायचेही नाही, त्याचे माप वैद्यकाने कसकसे घेतले, हा इतिहास आम्हांस लक्ष देण्याजोगा वाटतो.

आरंभी मोजले गेले ते शरीर. १९४८ साली अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे व्यायाम सांगितले, आणि त्या स्नायूंचा जोर दाखविणारे एक उपकरणही केले. १९७१ साली इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी स्थापन झाली. तिने पुढे तासाभराची जी कसोटी प्रमाण ठरविली, ती मोठी मासलेवाईक आहे. स्त्रीने आधी तोललेले पॅड बांधायचे, अर्धा लिटर पाणी प्यायचे, चालायचे, जिने चढायचे, दहादा खोकायचे, मिनिटभर जागच्या जागी धावायचे, वाकून जमिनीवरची वस्तू उचलायची, वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे. मग पॅड पुन्हा तोलायचे. उत्तर ग्रॅमांत!

या सोसायटीच्या जुन्या व्याख्येत दोन अटी होत्या. गळती तपासणीत दाखविता आली पाहिजे, आणि तिच्यामुळे सामाजिक किंवा स्वच्छतेची अडचण झाली पाहिजे. पहिल्या अटीसाठी तराजू होता. दुसरीसाठी काहीच नव्हते.

ती उणीव भरण्यास एक परिचर्याशास्त्राची अभ्यासक पुढे आली, यात आम्हांस नवल वाटत नाही. रुग्णाची चादर बदलते कोण? १९८७ साली जीन वायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गळतीचा स्त्रीच्या मनावर व संसारावर होणारा परिणाम प्रश्नावलीने मोजला, आणि गळतीच्या प्रमाणाशी त्या परिणामाचे नाते माफकच निघाले. थोड्याशा गळतीने एखादी लग्नकार्याला जाणे सोडते. दुसरी पुष्कळ गळूनही निभावून नेते. या वाटेने १९९४ साली तीस प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. १९९७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलातून केलेहर, कार्डोझो प्रभृतींची दुसरी आली. तिच्यात झोप, घरकाम, प्रवास, पतीशी संबंध असे सारे विचारलेले आहे. शेवटच्या प्रश्नापाशी ‘लागू नाही’ असेही उत्तर ठेवले आहे. एकाकी स्त्रीची एवढी आठवण ठेवली, हे आम्हांस विशेष वाटते.

२००२ साली सोसायटीने व्याख्याच बदलली. अनैच्छिक गळतीची तक्रार, एवढेच लक्षण पुरेसे ठरले; तपासणीत दाखविण्याची अट गेली. आमच्या मते या इतिहासातले सर्वांत मोठे पाऊल हेच. २००४ साली चारच प्रश्नांची छोटी प्रश्नावली निघाली. तिच्या एकूण २१ गुणांपैकी १० गुण ‘रोजच्या जगण्यात याचा किती अडथळा होतो’ या एकाच प्रश्नाला आहेत.

तथापि एक अडचण उरतेच. जिने दूरचा प्रवास दहा वर्षांपूर्वीच सोडला, जी शौचालय कोठे आहे हे पाहिल्यावाचून घराबाहेर पडत नाही, तिला प्रवासात किती त्रास होतो असे विचारले, तर ती ‘मुळीच नाही’ यापुढे खूण करून मोकळी होते.