मातीच्या हिशेबातून आलेला नकाशा

नागपूरच्या वर्धा रोडवरच्या एखाद्या जागेचे अक्षांश-रेखांश सांगितले, तरी पत्ता पुरा होत नाही. खाली जुना रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल आणि त्याच खांबांवर आणखी वर मेट्रो, असे हे ३.१४ किलोमीटर आहेत. सपाट नकाशावर तिन्ही मजले एकाच रेषेत मिटतात. पुलाचा सांधा उखडला आहे की खालचा पथदिवा बंद आहे, हे त्या रेषेवरून कळणार नाही. अशा ठिकाणी प्रत्येक वस्तूची उंचीही नोंदवणारी त्रिमितीय भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे थ्री-डी जीआयएस, लागतेच. पडद्यावरची तिची देखणी चित्रे पाहून तिचा जन्म संगणकीय चित्रकलेत झाला असावा असे वाटते. तिचे मूळ मात्र रस्त्यासाठी किती माती हलवावी लागेल, या हिशेबात आहे.

डोंगराळ मुलखात रस्त्याचा खर्च बऱ्याच अंशी मातीवर ठरतो. कुठे किती खोदाई, कुठे किती भराव? खोदलेली माती जवळच्या भरावात खपली तर ठीक, नाही तर ती लांब नेऊन टाका किंवा बाहेरून आणा. हे आधी कळावे म्हणून आखणीच्या रेषेवर ठरावीक अंतराने आडवे छेद घेत. लेव्हलचे यंत्र लावायचे, मापाची उभी पट्टी म्हणजे स्टाफ धरायचा, वाचने वहीत उतरवायची, मग कागदावर छेद काढून क्षेत्रफळे मोजायची. रेषा थोडी बाजूला सरकवली की हे सगळे पहिल्यापासून. एवढ्या कष्टांपुढे फार पर्याय तपासणे परवडत नसे आणि हाती आलेली पहिली बरी रेषा पक्की होई.

अमेरिकेत १९५६च्या कायद्याने ४१,००० मैलांचे आंतरराज्य महामार्ग बांधायचे ठरले, तेव्हा ही पद्धत पुरी पडणे शक्य नव्हते. एमआयटीच्या स्थापत्य विभागातले चार्ल्स मिलर आणि त्यांचे सहकारी मॅसॅच्युसेट्सच्या सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी याच प्रश्नावर काम करत होते. त्यांचा विचार साधा होता आणि माझ्या मते फार मोठा होता: एका रेषेपुरती मोजणी करण्याऐवजी रस्ता जिथून जाऊ शकेल तो सगळा पट्टाच एकदा मोजून ठेवायचा. विमानातून टिपलेल्या छायाचित्रांच्या जोड्यांवरून बिंदूंच्या उंची वाचायच्या आणि प्रत्येक बिंदूची जागा व उंची पंचकार्डांवर चढवायची. नंतर हवी ती रेषा संगणकाला द्यावी, त्याने खोदाई-भरावाचे आकडे काढावेत. नवी रेषा सुचली तर माणसाला पुन्हा डोंगर चढायला नको. त्यासाठी वापरलेल्या आयबीएम ६५० संगणकाच्या फिरत्या ड्रमवर दहा अंकी २,००० संख्या मावत. १९५८मध्ये मिलर आणि त्यांचे सहकारी लाफ्लाम यांनी ही पद्धत ‘डिजिटल टेरेन मॉडेल’ या नावाने मांडली.

जमीन एकदा साठवायची आणि तिला कितीही प्रश्न विचारायचे, हीच पुढच्या सगळ्या प्रणालींची बैठक. रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६०च्या दशकात कॅनडात उभारलेली पहिली जीआयएस जमिनीच्या वापराची होती. तिला उंचीची फारशी गरज नव्हती. १९७०च्या दशकात टॉमस पॉयकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूपृष्ठ लहानमोठ्या त्रिकोणांनी झाकण्याची रीत पुढे आणली: सपाटीवर मोजकेच पण मोठे त्रिकोण, कड्याशी आणि ओढ्याशी बारीक आणि दाट. रस्त्याच्या आखणीत ती आजही चालते. आता गाडीवर बसवलेले लेझर स्कॅनर रस्ता, दुभाजक, फलक, पुलाची खालची कड असे सगळे दाट बिंदूंत टिपत जातात.

पण रस्त्याची उंची बदलत राहते. डांबराचा एकेक थर चढतो तशी पुलाखालची मोकळी उंची घटते, चेंबरची झाकणे खड्ड्यात जातात आणि पावसाचे पाणी जोत्यापर्यंत येते. आपल्या शहरांत जुना थर न खरवडता नवा घातलेले रस्ते किती आहेत! गेल्या वर्षीची उंची धरून चाललेली प्रणाली उंच ट्रकला त्या पुलाखालून खुशाल जायला सांगेल. थराची जाडी बिलासाठी मोजतातच. त्याच दिवशी पृष्ठभागाची नवी पातळी घेऊन ती प्रणालीत भरणे कामाच्या अटींतच असायला हवे.