शिंक, आजी आणि बुद्धांचा एक प्रश्न

मागच्या भागात मी बोलता बोलता शिंकलो आणि ते एडिट करायचं राहून गेलं. त्यावर बऱ्याच जणांचे मेसेज आले, 'सत्य आहे!' म्हणजे बोलताना शिंक आली की बोललेलं खरं. मग म्हटलं, आज शिंकेवरच बोलू.

लहानपणी मी शिंकलो की आजी म्हणायची, 'शतायुषी हो!' इंजिनिअरिंगला गेल्यावर मला शिंगं फुटली. एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, 'आजी, असं बोलून आयुष्य वाढतं का गं?' ती काही बोलली नाही. त्यानंतर मी शिंकलो की गप्पच बसायची.

नेटवर शोधलं तर एकच गोष्ट सगळीकडे फिरते. इ.स. 590, रोममध्ये प्लेग, आणि पोप ग्रेगरी यांनी शिंकणाऱ्याला आशीर्वाद द्यायची पद्धत पाडली. पण तारखांमध्येच बग आहे. इ.स. 79 मध्ये वारलेला रोमन लेखक प्लिनी लिहून गेलाय की सम्राट टायबेरियस कोणी शिंकलं की शुभेच्छा द्यायला लावायचा, अगदी गाडीतून जातानासुद्धा! म्हणजे प्रथा पोपच्या पाचशे वर्षं आधीची. आणि आपलं 'सत्य आहे'? इ.स.पू. 401 मध्ये इराणी मुलखात अडकलेल्या ग्रीक सैन्यापुढे झेनोफोन सुटकेच्या आशेबद्दल बोलत होता. तेवढ्यात एक सैनिक शिंकला, आणि सगळ्यांनी शुभशकुन समजून देवाला नमस्कार केला. सेम टू सेम.

पण मला खरा धक्का दिला विनयपिटकानं. बुद्ध उपदेश करत असताना त्यांना शिंक आली. भिक्खूंनी 'भगवान दीर्घायुषी होवोत' असा एवढा गलका केला की उपदेशच थांबला. बुद्धांनी विचारलं, असं म्हटल्यानं कोणी जगतो किंवा मरतो का? भिक्खू म्हणाले, नाही. मग म्हणू नका!

माझाच प्रश्न की हो! मी मनात कॉलर ताठ केली. पण गोष्ट पुढे आहे. भिक्खू शिंकले की लोक शुभेच्छा द्यायचे, आणि हे नियम पाळून गप्प. लोकांना ते लागलं, कुरकुर सुरू झाली. तेव्हा बुद्धांनी नियम बदलला: गृहस्थांना अशा गोष्टी शुभ वाटतात, त्यांनी म्हटलं तर तुम्हीही उलट 'चिरं जीव' म्हणा. लग्नपत्रिकेत नावाआधी 'चि.' असतं ना, तेच शब्द.

याच प्रसंगावर एक जातककथाही आहे. वाराणसीजवळच्या एका धर्मशाळेत यक्ष राहायचा. शिंकणाऱ्याला 'जग' न म्हणणारा आणि त्याला उलट 'तूही जग' न म्हणणारा, दोघंही त्याचं जेवण. एक बापलेक तिथे मुक्कामाला आले. यक्षानं बारीक धूळ उडवून बापाला शिंकायला लावलं. (फाउल आहे हा!) मुलानं यक्षाला पाहिलं आणि घाईघाईनं बापाला शंभर वर्षं आयुष्य मागितलं, वर वीस जास्तीची. बापानंही लगेच उलट आशीर्वाद दिला. यक्ष उपाशी.

परवा आजीशी व्हिडिओ कॉल चालू असताना मला शिंक आली. ती नेहमीसारखी गप्प.

'आजी, काही म्हणणार नाहीस?'

'तुला चालतं होय आता?'

'म्हण की गं.'

'शतायुषी हो.'

'तू पण,' मी म्हणालो. ती पंच्याऐंशीची आहे. 'अजून पंधराच का रे मेल्या?' म्हणाली. मी वर वीस जास्तीची दिली.