कालियामर्दन आणि मुंबईचा प्रेक्षक

पुराणिक सायंकाळी अध्याय आटोपून पोथी बांधतो, तो दुसऱ्या दिवशी श्रोते पुनः येतील या भरवशावर. कथा सर्वांना ठाऊक असते. तरीही ‘पुढे काय झाले?’ ही उत्सुकता काही केल्या सुटत नाही. या उत्सुकतेचा उपयोग आपल्याकडे चित्रपटासाठी प्रथम ज्याने मोठ्या कुशलतेने करून घेतला, तो पुरुष म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. एका चित्रातील कथेचा धागा दुसऱ्या चित्रात पुढे नेण्याचा प्रयोग त्यांनी केला. तो एकदा साधला व एकदा फसला. असे का व्हावे, याचा विचार बोधप्रद आहे.

फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. चित्रकला, छायाचित्रण, छपाई आणि जादूचे खेळ अशा नाना विद्या त्यांना अवगत होत्या. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. गिरगावातील एका चित्रगृहात ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला आणि आपल्या राम-कृष्णांना असेच पडद्यावर आणण्याचा ध्यास त्यांनी घेतला. १९१२ साली ते विलायतेस जाऊन आले. दादरच्या मुख्य रस्त्यावरील बंगल्यात त्यांनी संसार आणि कारखाना एकत्रच मांडला. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडण्यापासून मंडळींचा स्वयंपाक रांधण्यापर्यंत सर्व कामांत त्यांच्या बरोबरीने राबल्या. १९१३ च्या मे महिन्याच्या ३ तारखेस गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्याच वर्षी फाळके यांनी आपला कारखाना नाशिकास हलविला. तथापि त्यांच्या चित्रांची खरी कसोटी मुंबईतच होत राहिली.

१९१७ साली ‘लंकादहन’ निघाले. अण्णा साळुंके या एकाच नटाने त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हनुमंताचे उड्डाण आणि पेटलेली लंका पाहण्यासाठी गिरगावच्या वेस्ट एंड चित्रगृहात सकाळी सात वाजल्यापासून मध्यरात्र उलटेपर्यंत खेळ चालत. रामचंद्र पडद्यावर येताच प्रेक्षक हात जोडीत, कोणी साष्टांग नमस्कारही घालीत, असे त्या काळाविषयी सांगतात. आग, संहार आणि राक्षसांची दाणादाण ही दृश्ये तशी भयंकरच. परंतु शेवटी धर्माचा जय व्हावयाचा आहे, हे ज्याला ठाऊक असते त्याला त्या भयातही एक प्रकारचा दिलासा असतो.

पुढे १९१८ साली भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली आणि ‘श्रीकृष्णजन्म’ हे तिचे पहिले चित्र गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागले. त्याचा थोडाच अंश आज शिल्लक आहे. पण तेवढ्यावरूनही फाळके यांचे सामर्थ्य कळते. भयाने व्याकूळ झालेल्या कंसाला जिकडेतिकडे बाळकृष्णच दिसू लागतो. एकाचे अनेक होतात आणि त्याच्यावर चाल करून येतात. कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाते आणि पुनः खाली येऊन धडावर बसते. एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेण्याची ही युक्ती होय. याच चित्रात यमुनेच्या जळातून कालियाच्या फणेवर उभा असलेला कृष्ण वर येतो आणि लोक त्याला वंदन करतात. पण ही झाली केवळ झाकी. तो सर्प कोण, आणि त्या बालकाने त्याला कसे जिंकले, हे सांगावयाचे राहिलेच होते.

ते सांगण्यासाठी १९१९ साली ‘कालियामर्दन’ आले. कृष्णाची भूमिका पुनः फाळके यांच्या मंदाकिनी या कन्येकडेच होती. त्या वेळी ती अवघी सातएक वर्षांची होती. चित्राचा आरंभ मोठा विलक्षण आहे. कथा सुरू होण्यापूर्वी ही बालिका तिच्या साध्या वेषात समोर येते आणि हर्ष, क्रोध, दुःख असे एकेक भाव मुद्रेवर दाखविते. मग पाहता पाहता तिचाच कृष्ण होतो. देवाची मूर्ती घडविणाऱ्या कारागिराने मूर्तीची माती आधी भक्तांच्या हाती द्यावी, तसाच हा प्रकार. ही माझी मुलगी आहे, असे बापाने उघड सांगितले. आणि तरीही लोकांनी तिला कृष्ण मानले. चित्र लोकप्रिय झाले. गणपतीची मूर्ती कोणत्या कारखान्यात घडली हे जाणूनही जो लालबागकर तिच्यापुढे माथा टेकतो, त्याला यात विसंगती वाटण्याचे कारण नव्हते.

पुढे खोड्या आणि लोण्याची चोरी यांत प्रेक्षक हसत असतानाच बालकृष्ण डोहात उडी घेतो. पाण्याखाली प्रचंड सर्पाशी त्याची झुंज चालू होते. त्याच वेळी काठावर गोकुळ जमते आणि यशोदा शोकाने व्याकूळ होते. फाळके एकदा डोहाचा तळ दाखवितात, एकदा काठ. काठावरची माणसे आणि चित्रगृहातील माणसे यांची काळजी एकच होऊन जाते. विजयाविषयी शंका नसतानाही जीव टांगणीला लागतो, याचे रहस्य त्या मातेच्या मुद्रेत आहे. झुंज सर्पाची असली तरी प्रेक्षक पाहतो ते मूल बुडाल्याचे दुःख. आणि ते कोणत्या घराला परके आहे?

येथवर सर्व सुरळीत झाले. परंतु त्याच वर्षी भागीदारांशी बेबनाव होऊन फाळके कंपनी सोडून काशीस गेले. काही वर्षांनी ते परतले, तोवर लोकांची अभिरुची पालटू लागली होती. १९३१ च्या मार्च महिन्याच्या १४ तारखेस त्याच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. यानंतर फाळके यांचे ‘सेतुबंधन’ पुरे झाले. रामकथेच्या ओघात पाहिले तर ते ‘लंकादहना’चा पुढचा अध्यायच होय. पण ते मूक होते. मागाहून त्याला आवाज जोडला, तरी अपेक्षित यश काही पदरी पडले नाही. वानरसेना तीच, समुद्र तोच, राम तोच. पण पाहणारा तो राहिला नव्हता. ज्याने नटाला बोलताना आणि गाताना ऐकले, त्याला मुका राम पुरेना. १९४४ साली नाशिक येथे फाळके निवर्तले, तेव्हा त्यांनी उभारलेल्या धंद्याला त्यांची फारशी आठवण उरली नव्हती.

उत्तरभाग म्हणजे पूर्वभागाच्या प्रेक्षकाला दिलेले पुढील भेटीचे वचन असते. ‘कालियामर्दन’ ते वचन वर्षभरातच पुरे करू शकले. ‘सेतुबंधना’ला पंधरा वर्षे लागली. आज जपानी राक्षसपटांचे पुढील भाग पाहण्यास मुंबईची तरुण मंडळी लोटतात आणि घरची वडील माणसे त्यांतील रक्तपाताविषयी कुरकुर करतात. त्या वडील माणसांनी कंसाचे उडणारे मस्तक एकवार आठवावे. भय आपल्या पणज्यांनीही हौसेने पाहिले होते. मात्र त्या भयाच्या काठावर एक यशोदा उभी होती. नव्या चित्रांत ती कोठे उभी आहे, एवढे शोधून पाहणे मात्र ज्याचे त्याचे काम आहे.