जबडा, मान आणि ५३-एन क्रमांकाची बाटली

घास घेण्यासाठी तोंड उघडले की जबडा खाली येतो आणि त्याच क्षणी डोके किंचित मागे झुकते. ही जोडी नकळत चालते, कारण चेहऱ्याच्या संवेदना स्वीकारणारे मज्जाकेंद्र मेंदूच्या देठातून थेट मानेतील मज्जारज्जूपर्यंत उतरलेले आहे.

धनुर्वातात हीच जोडी माणसाचा घात करते. आयुर्वेदाच्या ग्रंथांनी वातव्याधींत हनुग्रह, मन्यास्तंभ आणि धनुस्तंभ सांगितले: जबडा धरणे, मान ताठणे, देह धनुष्यासारखा वाकणे. आजचे वैद्यक धनुर्वाताची लक्षणे बहुधा याच क्रमाने नोंदवते. जंतूचे विष मज्जातंतूंतून वर सरकते आणि स्नायूंना सैल करणारे संदेश थांबवते. जबड्याच्या मज्जातंतूची वाट आखूड, म्हणून तो आधी मिटतो. मग मानेचे बळकट मागचे स्नायू डोके मागे खेचतात. रोहे-नागोठण्याकडे पायात गंजका खिळा रुतला की आजही आधी धनुर्वाताचे इंजेक्शन आठवते, ते उगाच नव्हे.

या रोगाने मुंबईच्या एका शास्त्रज्ञाची कारकीर्द जवळजवळ संपवली. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळा परळला गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. प्लेगच्या भीतीने दंड पुढे केलेली ही माणसे होती.

चौकशी आयोगाने दोष परळवर ठेवला. निर्जंतुकीकरणासाठी कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णता वापरल्याचाही ठपका आला. हाफकिन पदावरून दूर झाले. वास्तविक, बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय ते बाटलीत आधीपासून वाढत असते, तर उघडताच दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. हा पुरावा आयोगासमोर असूनही त्याला वजन दिले गेले नाही, हे सहज पटणारे नाही.

रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. मात्र ते परतले ते कलकत्त्याला. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले १९२५ मध्ये.